रक्ताचा रंग कोण ठरवतं?

'सिन सिटी'मध्ये रक्त तीन रंगांचं आहे. बहुतेक वेळा ते पांढरं असतं, काळ्या भिंतीवर चुना उडावा तसं. काही ठिकाणी लाल असतं. आणि एका माणसाचं रक्त पिवळं आहे. जर्द, किळस यावी असं पिवळं. बाकी जवळजवळ सगळा सिनेमा काळा-पांढरा. रात्र काळी, पाऊस पांढरा, चेहरे रुपेरी, आणि मधूनच कुणाचे तरी ओठ लाल, कुणाचे डोळे निळे.

हा सिनेमा २००५ सालचा. फ्रँक मिलरने १९९१मध्ये सुरू केलेल्या त्याच नावाच्या कॉमिक्स-मालिकेवर तो बेतलेला आहे. रॉबर्ट रॉड्रिग्जने ठरवलं होतं की पुस्तकावरून सिनेमा काढायचा नाही, पुस्तकच पडद्यावर आणायचं. म्हणून टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे स्वतःच्या स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर नट उभे केले आणि त्यांच्यामागचं शहर नंतर कॉम्प्युटरवर रचलं. मिलरच्या चौकटी हाच स्टोरीबोर्ड. मिलरला सहदिग्दर्शकाचं श्रेय द्यायला अमेरिकन दिग्दर्शकांच्या संघटनेचे नियम आड आले, तेव्हा रॉड्रिग्जने संघटनाच सोडली. त्या वर्षी कान महोत्सवात सिनेमा स्पर्धेत होता आणि त्याच्या दृश्यरचनेला तांत्रिक पारितोषिकही मिळालं.

मी हा सिनेमा बऱ्याचदा पाहिला आहे आणि मला तो आवडतो, हे आधीच सांगून टाकते. पुढे कथेतली बरीच रहस्यं फुटणार आहेत, तेही सांगून ठेवते. मला प्रश्न पडलाय तो वेगळाच. या सिनेमात एका माणसाचे हातपाय कापले जातात, एकाच्या कपाळात पिस्तुलाचा तुकडा रुततो, एकाचं डोकं फरशीवर ठेचून त्याचा लगदा केला जातो. हे सगळं मी सरळ बसून, मान न वळवता पाहते. आणि तीच मी, फोनवर कुणी पाठवलेला खऱ्या अपघाताचा व्हिडिओ दोन सेकंदांत बंद करते. 'ते खोटं आहे आणि हे खरं' एवढं उत्तर मला पुरत नाही. कारण खोट्या गोष्टींनीही माणूस हादरतो. सिनेमात कुत्रा मेला तरी आपण रडतो. मग 'सिन सिटी'त माणसं मरताना आपल्याला काही का होत नाही? आणि काही होत नाही, यात काही चूक आहे का?

'हिंसक सिनेमे बघून माणसं हिंसक होतात का?' या वादात मला शिरायचं नाही. तो वाद घालणारे दोन्हीकडचे लोक आपली उत्तरं खिशात घेऊनच आलेले असतात. मला त्याहून लहान, पण जास्त जवळचा प्रश्न विचारायचा आहे: बघताना माझ्या वतीने निर्णय कोण घेतंय?

*

पडद्यावरच्या रक्ताचा रंग ही कधीच साधी गोष्ट नव्हती. हिचकॉकने १९६०मध्ये 'सायको' केला तेव्हा रंगीत सिनेमा सर्रास होत होता. तरी त्याने काळा-पांढरा निवडला. एक तर खर्च कमी, आणि दुसरं म्हणजे न्हाणीघरातल्या त्या खुनाचं लाल रक्त प्रेक्षकांना झेपणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पाण्यात वाहताना दिसतं ते चॉकलेट सिरप होतं. १९७६च्या 'टॅक्सी ड्रायव्हर'मध्ये शेवटच्या गोळीबारातलं रक्त सेन्सॉरला फार लाल वाटलं, तेव्हा स्कॉर्सेसीने त्या प्रसंगाचे रंगच फिके केले. कापाकापी टळली, प्रसंग तसाच राहिला. म्हणजे हिंसा तेवढीच, फक्त रंग उतरवला, आणि ती चालण्याजोगी झाली.

'सिन सिटी' ज्या घराण्यातला आहे, त्या फिल्म न्वारचा इतिहासही असाच आहे. चाळीसच्या दशकातले हे अमेरिकन गुन्हेपट. दुसरं महायुद्ध संपल्यावर ते एकदम फ्रान्समध्ये पोहोचले, आणि त्यातला काळोख बघून तिथल्या समीक्षकांनी १९४६मध्ये त्यांना 'न्वार', म्हणजे 'काळे', असं नाव दिलं. त्या काळात हॉलिवूडवर हेज कोडचा पहारा होता. खून तपशिलात दाखवायचा नाही, गुन्हेगार सुटलेला दाखवायचा नाही. म्हणून खून सावलीत व्हायचा. दाराबाहेर आवाज यायचा, पडद्यावर आकृती हलायची, आणि बाकीचं तुम्ही समजून घ्यायचं. काळोख लपवण्यासाठी होता.

त्या सावलीने आणखी एक काम केलं. माणसांचे चेहरे अर्धे उजेडात, अर्धे अंधारात राहिले. १९४४च्या 'डबल इन्डेम्निटी'चा नायक विमा एजंट आहे आणि खुनीही आहे. तो आपल्याला आवडतो आणि त्याची भीतीही वाटते. न्वार काळा-पांढरा म्हणून ओळखला जातो, पण त्याचं सगळं मोल मधल्या करड्या छटांमध्ये आहे.

आता मिलरचं पुस्तक उघडून बघा. त्यात करडा जवळजवळ नाहीच. शाईचा काळा आणि कागदाचा पांढरा, मध्ये काही नाही. पाऊस म्हणजे काळ्यावर ओढलेल्या पांढऱ्या रेघा, चेहरा म्हणजे कोरून काढलेला उजेड. सिनेमात नटांच्या चेहऱ्यावर थोडा करडा येतो, पण ओढ त्या पुस्तकाकडेच आहे. दिसायला 'सिन सिटी' सगळ्यात कडक न्वार आहे. पण ज्या करड्यासाठी न्वार जन्माला आला, तोच त्याने काढून टाकला आहे. आणि चित्रातून करडा गेला की तो गोष्टीतूनही जायला लागतो.

*

हे कसं घडतं ते बघू. सिनेमात तीन मुख्य गोष्टी आहेत आणि प्रत्येकीत एक माणूस असा आहे, ज्याला मारताना आपण मनातल्या मनात टाळी वाजवावी अशी सोय केलेली आहे.

पहिली गोष्ट मार्वची. मिकी रूर्कने केलेला हा अवाढव्य, ओबडधोबड माणूस. आयुष्यात एकदाच त्याच्याशी कुणीतरी मायेने वागलं: गोल्डी. लाल बदामाच्या आकाराच्या पलंगावर ती रात्र जाते आणि सकाळी गोल्डी शेजारी मेलेली असते. मार्व तिच्या खुन्याचा माग काढतो. खुनी केव्हिन हा बायकांना मारून खाणारा. तो कधी बोलत नाही. मार्व त्याचे हातपाय कापतो, त्याला लांडग्याच्या पुढ्यात टाकतो, आणि केव्हिन शेवटपर्यंत ओरडत नाही. चेहऱ्यावर तेच शांत हसू. चष्म्याच्या काचा पांढऱ्या, डोळे दिसत नाहीत.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. छळ दाखवलाय, पण वेदना काढून घेतली आहे. केव्हिन एकदा जरी किंचाळला असता, 'नको' म्हणाला असता, तर तो प्रसंग बघणं अवघड झालं असतं. सिनेमाने ती अडचण आधीच दूर केली.

दुसऱ्या गोष्टीत जॅकी बॉय मरतो आणि मेल्यावर विनोदी होतो. ड्वाइट त्याचं प्रेत शेजारच्या सीटवर बसवून गाडी चालवतोय आणि प्रेत त्याच्याशी गप्पा मारतंय. हा प्रसंग क्वेंटिन टॅरँटिनोने पाहुणा दिग्दर्शक म्हणून चित्रित केला, मानधन एक डॉलर. प्रसंग खरंच भन्नाट आहे. पण विनोदानेही तेच काम होतं: मेलेला माणूस वस्तू होऊन जातो.

तिसरी गोष्ट हार्टिगनची. ब्रूस विलिसने केलेला म्हातारा, हृदयविकार असलेला प्रामाणिक पोलीस. सिनेटरचा मुलगा लहान मुलींना पळवून मारतो आणि बाप त्याला वाचवत राहतो. हार्टिगन अकरा वर्षांच्या नॅन्सीला वाचवतो, त्या मुलाला गोळ्या घालतो, आणि त्याची शिक्षा म्हणून आठ वर्षं तुरुंगात काढतो. बाहेर येतो तेव्हा तो मुलगा उपचारांचा परिणाम होऊन पिवळा झालेला असतो. त्वचा पिवळी, रक्त पिवळं, अंगाला घाण वास. हार्टिगन त्याला नुसत्या हातांनी संपवतो. लाकडी फरशीवर पिवळा चिखल होतो.

पिवळा. संपूर्ण सिनेमात एवढा ठसठशीत रंग दुसऱ्या कुठल्याच माणसाला दिलेला नाही. वाचायला न येणाऱ्या मुलालाही कळेल की हा वाईट माणूस. खटला नको, साक्षीदार नको, शंका नको. पुरावा कातडीवरच आहे.

*

चित्रीकरणातली एक गंमत यात भर घालते. हिरव्या पडद्यासमोर पिवळा रंग त्रास देतो, म्हणून सेटवर त्या नटाला निळा रंग लावला होता. पिवळा नंतर चढवला. योगायोग बघा: भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक रंग दिलेला आहे. रौद्र लाल, भयानक काळा, हास्य पांढरा, अद्भुत पिवळा. आणि बीभत्साचा रंग निळा.

हा नुसता योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण रंग आणि भाव यांची सांगड किती जुनी आहे हे मात्र त्यातून दिसतं. आणि एक फरकही दिसतो. नाट्यशास्त्रात रंग रसाला दिलेला आहे. बीभत्स ही प्रेक्षकाच्या अनुभवाची जात आहे. किळस वाटली तर ती मला वाटली, ती माझ्याकडे आहे. 'सिन सिटी'त तो रंग उचलून समोरच्याच्या अंगावर चढवला आहे. मला किळस वाटते असं नाही, तोच किळसवाणा आहे. माझ्या भावनेचं ओझं त्याच्या कातडीवर गेलं आणि मी मोकळी झाले.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये लिओन्टियस नावाच्या माणसाचा किस्सा येतो. तो अथेन्सच्या तटाबाहेरून चाललेला असतो आणि मृत्युदंड दिलेल्यांची प्रेतं त्याला दिसतात. बघावंसं वाटतं आणि स्वतःची लाजही वाटते. तो तोंड झाकतो, स्वतःशी झगडतो, आणि शेवटी हार मानून प्रेतांकडे धावतो आणि आपल्याच डोळ्यांवर ओरडतो की घ्या, भरून घ्या एकदाचं.

मला हा लिओन्टियस फार जवळचा वाटतो. तो बघतोच. पण त्याला ठाऊक आहे की बघणारा तो स्वतः आहे. त्याचं भांडण स्वतःच्या डोळ्यांशी आहे. 'सिन सिटी' आपल्याला या भांडणातून सोडवतो. मला वाटतं, त्या सिनेमाचं खरं सुख मारामारीत कमी आणि या सुटकेत जास्त आहे. दोन तास मला काहीच ठरवावं लागत नाही. कोण जगावं, कोण मरावं, किती हाल होऊन मरावं, सगळं रंगवून तयार आहे.

*

सिनेमाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. कुणी म्हणेल, हा खेळ आहे, आणि खेळाचे नियम सगळ्यांना माहीत आहेत. काळा-पांढरा रंग, कानात घुमणारं स्वगत, उंचावरून उडी मारूनही न मरणारी माणसं. हे खरं नाही, असं सिनेमा प्रत्येक फ्रेममध्ये ओरडून सांगतोय. खऱ्यासारखं दिसणारं, पण आतून तेवढंच खोटं असलेलं सूडनाट्य यापेक्षा जास्त फसवं नाही का? मला हा मुद्दा पटतो. 'सिन सिटी' निदान आपला मुखवटा लपवत नाही.

शिवाय सिनेमात एक जागा अशी आहे, जिथे त्याला स्वतःलाच प्रश्न पडतो. मार्वची मानसिक अवस्था धड नाही. त्याच्या पॅरोल अधिकारी ल्युसिलने दिलेल्या गोळ्यांवर तो कसाबसा ताळ्यावर असतो. गोल्डीच्या खुन्यामागे जाताना त्याच्या गोळ्या चुकतात. आणि त्याच्या मनात येतं की हे सगळं मी कल्पनेनेच तर रचलं नाही ना? तोपर्यंत त्याने माणसं मारलेली आहेत. एक पाद्रीसुद्धा (ही भूमिका मिलरने स्वतःच केली आहे). नक्की कळेपर्यंत पुढे मारता येणार नाही, असं तो स्वतःला बजावतो.

सूडाची आग अंगात असताना 'मी चुकत तर नसेन?' असं विचारणारा मार्व हा त्या सिनेमातला सर्वांत नैतिक माणूस आहे असं मला वाटतं. तो वेडसर आहे म्हणूनच त्याला हा प्रश्न पडतो. शहाण्यांना तो पडत नाही.

पण सिनेमा काय करतो? लगेच पुरावा देतो. केव्हिन खरोखरच नरभक्षक निघतो, कार्डिनल खरोखरच त्याचा पाठीराखा निघतो. मार्वला वाटलं ते सगळं बरोबर होतं. शंकेचं दार किलकिलं होतं आणि धाडकन बंद होतं. ते दार आणखी दहा मिनिटं उघडं राहिलं असतं तर तो कुठला सिनेमा झाला असता, याचा मी पुष्कळदा विचार करते. कदाचित इतका मजेदार झाला नसता.

*

हे सगळं बेसिन सिटी नावाच्या काल्पनिक शहरातच राहिलं असतं, तर मी हा लेख लिहिला नसता. पण हार्टिगन आपल्याकडेही लोकप्रिय आहे. कायद्याला बाजूला सारून 'न्याय' करणारा प्रामाणिक पोलीस. हिंदीत, तेलुगूत, मराठीत, आपण त्याला वर्षानुवर्षं टाळ्या वाजवतो.

नोव्हेंबर २०१९मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर बलात्कार करून तिची हत्या झाली. ६ डिसेंबरला पहाटे त्या प्रकरणातले अटकेत असलेले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. लोकांनी तिथे जमून पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. देशभरातल्या फोनांवर ते व्हिडिओ फिरले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने न्या. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. २०२२मध्ये त्याचा अहवाल समोर आला. आरोपींवर जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस होती. आणि मारल्या गेलेल्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन असावेत, असंही आयोगाचं मत होतं.

त्या पाकळ्या उधळणाऱ्या माणसांना मी राक्षस म्हणणार नाही. त्या स्त्रीबरोबर जे झालं त्याची चीड खरी होती आणि असायलाच हवी होती. पण ते चौघे खरंच गुन्हेगार होते का? चौघेही होते का? एखादा नव्हता का? हे ठरवण्यासाठी जी जागा असते तिथे ते कधी पोहोचलेच नाहीत. खटला उभा राहिला नाही आणि आता कधीही राहणार नाही. तिच्या घरच्यांना जे सत्य खटल्यातून कळू शकलं असतं, तेही त्या पहाटे गेलं.

तरीही इतक्या लोकांना इतकी खात्री कशी होती? मला वाटतं, आपल्या डोळ्यांसमोर ते चौघे आधीच पिवळे झालेले होते. वाहिन्यांनी, पोस्टींनी, फॉरवर्डांनी त्यांना रंगवून दिलं होतं. खऱ्या माणसाच्या कातडीवर गुन्हा उमटत नाही. निर्दोष माणसाचं आणि खुन्याचं रक्त सारखंच लाल असतं. खटला नावाची कंटाळवाणी, वर्षानुवर्षं रेंगाळणारी, चीड आणणारी गोष्ट माणसांनी शोधून काढली ती याचसाठी. आपल्याकडे ती फारच रेंगाळते, हे खरं. पण ती जे काम करते ते रंगाने होत नाही.

याचा अर्थ 'सिन सिटी' बघून लोक पाकळ्या उधळायला गेले, असा अजिबात नाही. त्यातल्या बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलं नसेल. सिनेमा ही इच्छा निर्माण करत नाही. ती आपल्यात आधीपासून आहे, आणि सिनेमा ती कमालीच्या सौंदर्याने पूर्ण करतो. म्हणूनच तो आरशासारखा वापरता येतो. तिथे मी जितकी खूश होते, तितकी ती इच्छा माझ्यात आहे.

*

आता तर प्रत्येकाच्या खिशात रंग चढवायची सोय आहे. रस्त्यावरच्या मारहाणीचा व्हिडिओ येतो तो आधीच कापलेला, संथ केलेला, मागे दणदणीत संगीत लावलेला असतो. वर चार शब्दांत सांगितलेलं असतं की मार खाणारा कोण आणि त्याला का पडली. त्याचं ओरडणं संगीताखाली दबलेलं. केव्हिनसारखंच. हे बनवणाऱ्याने फ्रँक मिलर वाचलेला नसतो, पण युक्ती तीच असते: वेदना काढून घ्या, रंग चढवा, निकाल तयार ठेवा.

असा व्हिडिओ आला की मी हल्ली एकदा आवाज बंद करून बघते. संगीत गेलं, मजकुराकडे दुर्लक्ष केलं की उरतो तो एक माणूस, ज्याला बरेच जण मारत आहेत. त्याने काहीतरी भयंकर केलं असेलही. मला माहीत नाही. पण 'मला माहीत नाही' हे मला त्या क्षणी कळतं, आणि तेवढ्याने अंगठा फॉरवर्डकडे जायचा थांबतो.

'सिन सिटी' मी पुन्हा बघेन. त्यातला पाऊस, रूर्कचा चेहरा, काळ्यावर उमटलेली ती लाल साडेतीन मिनिटं, या गोष्टी मला सोडवत नाहीत. ती मिनिटं म्हणजे सिनेमाची सुरुवात. गच्चीवर लाल पोशाखातली एक स्त्री उभी आहे. एक देखणा अनोळखी माणूस येतो, तिची सिगारेट पेटवतो, तिला जवळ घेतो, आणि मिठीतच तिला गोळी घालतो. ती कशापासून पळत होती ते त्याला कधीच कळणार नाही. आपल्यालाही कळत नाही. तिचा गुन्हा काय, त्याचा काय, कुणी सांगत नाही. संपूर्ण सिनेमात रंगाने निकाल न दिलेलं मरण मला तेवढं एकच सापडतं. तेवढा एकच प्रसंग असा आहे की तो संपल्यावर मला क्षणभर थांबावं लागतं.